गंज, रंग आणि चाकाची टोपी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या देऊळगाव राजात गल्लोगल्ली एकच काम चाललेलं असतं. कुणी ट्रॅक्टर धुतो, कुणी मोटरसायकल पुसतो, कुणी विळे-कुऱ्हाडी घासून काढतो. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेमुळे गाव माणसांनी भरलेलं असतं, घरोघरी पाहुणे असतात, आणि त्या गडबडीतही लोखंडाच्या वस्तूंची ही आंघोळ कुणी चुकवत नाही. आमच्याही दारात दहा-बारा वर्षं वापरलेली एक चारचाकी आहे. दोन वर्षांपूर्वी मी ती धूत होतो. नातू चाकाशी उकिडवा बसून आत डोकावत होता. एकदम म्हणाला, "आजोबा, आपल्या गाडीचं चाक आतून कुजलंय!"

मी वाकून पाहिलं. पोराची चूक नव्हती. चाकाच्या चंदेरी दांड्यांच्या मधून आतली ब्रेकची डिस्क दिसत होती. तिची कड आरशासारखी चकचकीत, पण मधला फुगीर भाग मात्र तपकिरी, खरबरीत, पापुद्रे सुटलेला. एकाच लोखंडाचा एक भाग लखलखीत आणि दुसरा गंजून गेलेला. असं का, हे त्याला सांगता सांगता मला माझ्या आजोबांची बैलगाडी आठवली. आज मी जे सांगणार आहे ते या दोन चाकांच्या मधलं आहे.

आधी ही डिस्क म्हणजे काय ते पाहू. मोटारीच्या पुढच्या चाकांमागे लोखंडाची एक जाड गोल तबकडी असते. ती चाकाबरोबर फिरते. आपण ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. या तबकडीचा मधला भाग उलट्या वाटीसारखा वर आलेला असतो. परदेशातले कारागीर त्याला 'हॅट' म्हणतात, म्हणजे आपली टोपीच. या टोपीच्या सपाट माथ्यावर चाक टेकतं आणि नटांनी आवळलं जातं.

ही तबकडी बिडाची असते. बीड म्हटल्यावर आपल्या घरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. धिरड्याचा, घावनाचा काळा जड तवा असतो, तेच ते. त्यात ३ टक्क्यांहून जास्त कर्ब असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो. त्यामुळे बीड उष्णता चटकन पसरवतं आणि कंपही गिळून टाकतं. स्वस्त पडतं ते वेगळंच. घाट उतरताना गाडीचा सगळा वेग उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता या तबकडीला पोटात घ्यावी लागते. म्हणून मोटारीला बीडच लागतं. मोटरसायकलची डिस्क गंजत नाही, कारण ती क्रोमियम मिसळलेल्या पोलादाची असते. मोटारीचं वजन आणि तिची उष्णता यांचा हिशोब निराळा.

पण बिडाचा तवा आठवडाभर ओला ठेवला तर काय होतं, तेही आपल्या घरातल्या बायकांना माहीत आहे. तो लाल होतो. म्हणून आजी तवा घासून झाला की चुलीवर कोरडा करायची आणि तेलाचं बोट फिरवायची. तापलेल्या बिडावर तेल सुकून त्याचा काळा, कठीण थर बसतो. त्या थराच्या आत हवा आणि पाणी शिरत नाही. लोखंडाला रंग लावण्यामागचं सगळं शास्त्र या तव्यात आलं. रंग म्हणजे शोभा नंतर, आधी तो लोखंड आणि पाणी यांच्यामधला पडदा.

आता आजोबांच्या गाडीकडे येतो. आमचा हा भाग वऱ्हाडातला, इंग्रजांच्या कारभारातला. आणि इथून ३० किलोमीटरवरचं जालना निजामाच्या राज्यातलं. १९००च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे झाली आणि जालन्याला स्टेशन आलं. तेव्हापासून आमच्याकडच्या मालाच्या गाड्या जालन्याकडे जात. वाटेत निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा नाका लागे. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८मध्ये भारतात विलीन झालं, १९५६मध्ये आमचा बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. पण या सगळ्या राजकारणाच्या खालून जे फिरत राहिलं ते बैलगाडीचं चाक.

त्या चाकाचा लोखंडाशी संबंध दोन-तीन ठिकाणीच यायचा. मधला तुंबा लाकडाचा, आरे लाकडाचे, भोवतालचं वर्तुळही लाकडाचं. बाहेरून मात्र लोखंडाची पट्टी, तिला आपण धाव म्हणतो. ही धाव बसवणं हा एक सोहळाच असे. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान वळवायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की लोखंड पसरतं. दोघे-तिघे सांडशीने उचलून ती चाकावर बसवायचे, लाकडातून धूर निघायचा, आणि लगेच घागरी ओतायच्या. धाव आवळत गेली की सगळे सांधे कडाकडा वाजत घट्ट व्हायचे. खिळ्यापेक्षा पक्की पकड. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल झाली की चाकं ओढ्याच्या पाण्यात भिजत टाकायची, की लाकूड फुगून पुन्हा पकड यायची.

आजोबा दरवर्षी पोळ्याच्या आधी गाडी रंगवायचे. आरे, साटी, जू यांना रंग. मी सहा-सात वर्षांचा असेन. डबी आणि काडीला बांधलेली चिंधी घेऊन मी धावेलाही रंग फासू लागलो. आजोबांनी हात धरला. म्हणाले, "पोरा, तिथं रंग नाही लावत. जे घासतं त्याला रंग नको, आणि जे घट्ट बसतं त्याच्या मधे रंग नको." मग त्यांनी चाक काढून आतला आख दाखवला. तिथे फक्त वंगण. रस्त्यावर घासली जाणारी धाव लखलखीत, तुंब्याच्या आत वंगण, धाव आणि लाकूड यांच्यामध्ये काहीही नाही, आणि उरलेल्या सगळ्याला रंग. तेव्हा मला ते काही विशेष वाटलं नाही. पुढे याच नियमाने मला एकदा चांगलाच हिसका दाखवला, तो सांगतोच.

आपल्याकडे एक समज आहे की पूर्वजांचं लोखंड गंजत नव्हतं. दाखला म्हणून दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ दाखवतात. तो सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, हे खरं. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असं त्यांनी दाखवलं. पण तो स्तंभ आहे, घरातला विळा नव्हे. घरातलं लोखंड तेव्हाही गंजत होतं आणि त्याची निगा राखावी लागत होती. खंडेनवमीला हत्यारं काढून, पुसून, तेल लावून पूजण्याची रीत पावसाळा संपता संपता येते. चार महिन्यांच्या ओलीनंतर शस्त्रागार उघडून पाहण्याचा तो दिवस आहे, असं मला इतिहास शिकवताना नेहमी वाटे. आमच्यापासून जवळच असलेल्या सिंदखेड राजात, जिजाऊंच्या माहेरी, लखुजी जाधवरावांच्या वाड्यावर हे काम किती मोठं असेल, याची कल्पनाच करावी.

या निगेसाठी लागणाऱ्या दोन वस्तू आपल्या अगदी ओळखीच्या आहेत. पहिली जवस. जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. त्याच जवसाचं तेल हवेत ठेवलं की सुकून कातड्यासारखा थर धरतं. शेंगदाण्याचं तेल असं करत नाही. म्हणून शेकडो वर्षं जगभरचे तैलरंग जवसाच्या तेलात कालवले जात. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून जवस मुंबई बंदरात जाई आणि तिथून विलायतेला. तिकडच्या दारांना आणि पुलांना लागलेल्या रंगात आपल्या काळ्या रानातल्या जवसाचाही वाटा होता.

दुसरी वस्तू शेंदूर. गावोगावच्या मारुतीला तेलात कालवून लावतात तो शेंदूर परंपरेने शिशाचा असे. शिसं भट्टीत भाजून होणारी ती नारिंगी पूड. नेमकी हीच पूड जवसाच्या तेलात कालवली की लोखंडाला गंज चढू न देणारा उत्तम अस्तर-रंग होतो. तेल आणि शिसं मिळून साबणासारखे क्षार तयार होतात आणि ते गंजाची क्रिया रोखतात. जहाजांचे तळ, रेल्वेचे पूल, पाण्याच्या टाक्या यांना पहिला हात याच रंगाचा असे. १९३७मध्ये खुल्या झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलालाही आधी हाच अस्तर-रंग दिला होता. मारुतीच्या अंगावरचा आणि पुलाच्या अंगावरचा रंग एकाच जातीचा, हे मला प्रथम वाचनात आलं तेव्हा मोठी गंमत वाटली.

पण गंमत तिथेच थांबते. शिसं विषारी आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून जगभर हा रंग मागे पडला. आपल्याकडे २०१६मध्ये नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असं ठरलं. तेव्हा जुना रंग कोरडा खरवडून त्याची धूळ घरात उडवू नये. तो ओला करून काढावा आणि मुलांना लांब ठेवावं.

आता विसाव्या शतकात येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती. १९१०मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, हळूहळू नांगर रानात उतरला आणि लोकांनी पाहिलं, की फाळ मातीत घासून चांदीसारखा होतो आणि वरची दांडी मात्र रंगवावी लागते. पुन्हा आजोबांचाच नियम. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आटलं तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. ज्या लोखंडाला खंडेनवमीला तेल लागत होतं ते असं शेतात गेलं. त्याच कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागात पुढे बिडाच्या ओतशाळा उभ्या राहिल्या आणि तिथून मोटारींचे सुटे भाग देशभर जाऊ लागले.

रंगाचीही कथा अशीच. १९२०मध्ये मुंबईच्या लोअर परळला गहागन पेंट्स नावाचा कारखाना निघाला, तोच पुढे नेरोलॅक झाला. १९४२मध्ये, बाहेरून रंग येणं बंद झालेलं असताना, गिरगावात चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. त्या काळातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मोठ्या कंपन्या शहरात मोठे डबे विकत. खेड्यातल्या शेतकऱ्याला मात्र पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांपुरता रंग हवा असे. मोठा डबा त्याला परवडणार कसा? या मंडळींनी छोट्या डब्यांतून भडक रंग खेडोपाडी पाठवले आणि त्यांचा जम बसला. १९५४मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला गट्टू, कपाळावर केसांची बट आणि हातात ब्रश घेतलेला खोडकर मुलगा, त्या डब्यांबरोबर घरोघर पोचला.

मला यात फार मोठा बदल दिसतो. तोपर्यंत लोखंडाला रंग देणं हे सुतार-लोहाराच्या हातातलं काम होतं. छोट्या डबीने ते घरच्या माणसाच्या हातात आलं. शिंगांचा उरलेला रंग गाडीच्या आऱ्यांना, तिथून उरला की खिडकीच्या गजांना, मग लोखंडी पेटीला. पुढे डबीची जागा फवाऱ्याने घेतली. १९४९मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एडवर्ड सेमूर यांनी दाबाच्या डब्यातून फवारायचा रंग केला, तोही चंदेरी ॲल्युमिनियमचा, घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरसाठी. तापणाऱ्या लोखंडाला घरच्या घरी रंग, ही कल्पना तिथूनच पुढे आली. आज मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारायचा फवारा आमच्या गावातही मिळतो.

इकडे ब्रेक बदलत होता. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२मध्येच घेतलं होतं. पण तेव्हाचे पॅड धातूचे, रस्ते धुळीचे, आवाज कानठळ्या बसवणारा. म्हणून पन्नास वर्षं बंद ढोलासारख्या ड्रम ब्रेकचंच राज्य राहिलं. १९५३मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली आणि जगाचे डोळे उघडले. ते ब्रेक डनलॉप कंपनीच्या मदतीने केलेले होते. १९५५मध्ये सित्रोएनने ते नेहमीच्या वापराच्या मोटारीत आणले. आपल्याकडे मात्र अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात बहुतेक सगळा कारभार ड्रमचाच होता. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकाची डिस्क हळूहळू मध्यमवर्गाच्या दारात पोचली.

पण तेव्हा टोपीचा गंज कुणालाच दिसत नव्हता. पोलादी चाक जवळजवळ बंद, त्यावर आणखी प्लास्टिकची थाळी. या शतकाच्या सुरुवातीनंतर मोकळ्या दांड्यांची ॲलॉयची चाकं साध्या गाड्यांनाही येऊ लागली आणि खिडकी उघडावी तसं आतलं सगळं दिसू लागलं. गंज पूर्वीही होताच. आता तो डोळ्यांवर आला. आणि डोळ्यांवर आला म्हणून हातात ब्रश आला.

माझ्याही आला. नातवाने 'कुजलंय' म्हटल्यावर मला राहवेना. त्याच दुपारी जॅक लावला, चाकं काढली. घरात खिडकीच्या गजांना लावून उरलेला चंदेरी रंग होता. टोपी तारेच्या ब्रशने घासली आणि सगळीकडून, अगदी चाक टेकतं त्या सपाट माथ्यावरसुद्धा, दोन दाट हात दिले. चाकाचीही आतली बाजू रंगवून टाकली. ओलं असतानाच घाईने चाक चढवून नट आवळले. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, झेंडूची माळ घातली, गाडी नव्यासारखी दिसू लागली. शेजारीपाजारी कौतुक करून गेले.

दिवाळीनंतर आम्ही मलकापूरकडे एका लग्नाला निघालो. मागे मुलगी, नातू आणि सौभाग्यवती. बुलढाणा सोडून राजूर घाट उतरू लागलो. दोन-तीन वळणं ब्रेक दाबत उतरलो आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. मग डाव्या चाकातून टक टक असा आवाज. मला वाटलं दगड अडकला असेल. आणखी एक वळण घेतलं. आवाज वाढला. कसाबसा रुंद जागा पाहून बाजूला थांबलो. नट हाताने पाहिले, तर चारातले दोन बोटांनी फिरत होते. त्या क्षणी पाठीतून जो थंड काटा गेला तो अजून आठवतो. मागच्या सीटवर नातू बिस्किट खात होता.

गाडीतल्या पान्याने नट आवळून, पायी चालावं अशा वेगाने खाली आलो. पायथ्याला पंक्चर काढणारा एक मुलगा होता. त्याने चाक काढलं, माथ्यावरचा चिकट झालेला रंग नखाने खरवडला आणि म्हणाला, "काका, इथं रंग कुणी लावला? ब्रेक तापला, रंग मऊ झाला, दबून बाहेर आला. मधला थर गेला म्हटल्यावर नट ढिले पडणारच की." त्याने कानशीच्या कागदाने दोन्ही पृष्ठभाग घासून स्वच्छ केले, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, आणि कुणी रंग लावला हे पुन्हा विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

जे घासतं त्याला रंग नको, आणि जे घट्ट बसतं त्याच्या मधे रंग नको. साठ वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी ऐकलेलं वाक्य मला राजूर घाटाच्या पायथ्याशी कळलं. रंगाची डबी आमच्या घरात आली, पण डबीबरोबर सुताराची अक्कल आली नाही. ती त्याच्याच हातात राहिली आणि त्याचा धंदा बसला तशी त्याच्याबरोबर गेली. मी शाळेत मुलांना इतिहास शिकवला. हा इतिहास मात्र माझ्याच घरात असून मी विसरलो होतो.

म्हणून ज्यांना हे काम घरी करायचं आहे त्यांना अनुभवाने चार गोष्टी सांगतो. मुळात टोपीच्या बाहेरच्या गंजाने ब्रेक बिघडत नाही. तो बहुतांशी दिसण्याचा प्रश्न आहे. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कडेवरही सकाळी तांबूस गंज दिसतो, पहिल्या एक-दोन ब्रेकला 'खर्र' असा आवाज होतो आणि तो निघून जातो. त्याला घाबरू नये. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, बाकीच्या चाकांना दगड लावून उभी करावी. नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली घोडी द्यावी. गंज घासताना धूळ फुंकू नये. ब्रेकच्या लायनिंगमध्ये पूर्वी अनेक वर्षं ॲस्बेस्टॉस असे, आणि आजची धूळही छातीला चांगली नाही. तोंडाला फडकं बांधून ओल्या कापडाने ती टिपून घ्यावी.

रंग साधा नको. ६०० अंशांपर्यंत तग धरणारा, सायलेन्सरला चालणारा हवा. घासली जाणारी चकचकीत कड कागद आणि चिकटपट्टी लावून झाकावी. चाक टेकतं तो माथाही झाकावा आणि चाकाचे बोल्टही. रंग फक्त टोपीच्या उभ्या भिंतीला, पातळ पातळ दोन-तीन हातांत, आणि पूर्ण सुकू द्यावा. कडेवर चुकून थेंब उडालाच तर ब्रेक साफ करायच्या द्रवाने पुसून काढावा. तेलाचं बोट तर तिथे अजिबात नको, तवा नाही तो. शेवटी नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. पहिले काही ब्रेक मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दाबून पाहावेत. मनात शंका असेल तर गॅरेजवाल्याला दाखवावं. त्यात कमीपणा नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आधी आम्ही दोघांनी पुन्हा टोप्या रंगवल्या. या वेळी चिकटपट्टी नातवाने लावली. माथा झाकताना मी मुद्दाम विचारलं, "इथं का नाही लावायचा रे?" तो म्हणाला, "घट्ट बसतं ना तिथं." राजूर घाटातली टक टक त्यानेही ऐकली होती.

आमच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीला आजोबांच्या गाडीची एक धाव अजून टेकून उभी आहे. लाकूड केव्हाच जळणात गेलं. एके काळी जालन्याच्या वाटेवर घासून लखलखणारी ती पट्टी चाळीस-पन्नास वर्षं फिरलेली नाही, म्हणून सगळी लाल झाली आहे. काम आटपल्यावर डबीत थोडा रंग उरला होता. नातू धावेकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, हिला लावू का? की हिलाही नाही चालत?"

मी म्हटलं, "लाव बाळा. ती आता रस्त्यावर जायची नाही."